शून्य-बावन्न-चौतीसचा खडा

माझ्या थोरल्या साडूंइतका संताप आणणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर तो माझ्या नात्यात नाही एवढी देवाची कृपा. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आला होता तेव्हा लिहिलं असतं तर कागद फाटला असता. एकाच घरातल्या दोन सख्ख्या बहिणी. धाकटीच्या वाट्याला गेवराईच्या शाळेत मराठी शिकवणारा माझ्यासारखा निरुपद्रवी माणूस यावा आणि थोरलीच्या, म्हणजे अक्कांच्या, वाट्याला हे प्रकरण यावं, यामागे सासऱ्यांनी काय विचार केला होता ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. साडू धारूरच्या घाटाखालच्या एका गावात राहायचे आणि जवळच्या सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमन म्हणजे उसाचा आटवलेला रस ज्या भल्यामोठ्या बंद भांड्यात उकळून साखर करतात, त्या भांड्यावरचा माणूस. रसात दाणा कधी धरायचा, किती वाढू द्यायचा, भांडं खाली कधी सोडायचं, हे सगळं त्याच्या हातात. काचेच्या पट्टीवर थेंबभर माल घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि निकाल द्यायचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचा असा ठाम समज झाला होता की जगातली कुठलीही गोष्ट उजेडाला धरून बघितल्याशिवाय खरी मानू नये.

आता हा समज त्यांनी कारखान्याच्या फाटकाच्या आत ठेवला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण साडू कुणाकडे चहाला गेले की आधी साखरेचा डबा मागायचे. चिमूटभर साखर तळहातावर घ्यायची, उठून दारात जायचं, डोळे बारीक करायचे आणि यजमानाच्या तोंडावर सांगायचं, "ह्यो दाना घाईचा हाय. पॅनवाल्याला घरी जायची गडबड झालती." माझ्या भाचीसाठी आम्ही वडवणीला एक स्थळ पाहायला गेलो होतो. मुलगा चांगला, घर चांगलं, पोहे चांगले. सगळं जमत आलेलं असताना साडूंनी साखर मागितली. दारात उभं राहून त्यांनी ती साखर कुठल्या कारखान्याची आणि तिथला पॅनमन कसा नालायक आहे हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. तो पॅनमन म्हणजे मुलाचा सख्खा चुलता निघाला आणि तो आमच्या समोरच बसला होता. भाचीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं. परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही, आणि ते मात्र पूर्ण रस्ताभर म्हणत होते, "गुरुजी, पर माणूस काई बोलला न्हाई बघा. म्हंजी त्येला बी पटलं."

मग दुष्काळ आला. आमच्याकडे दुष्काळ येतो म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही, पण त्या खेपेला सलग दोन हंगाम उभा ऊसच राहिला नाही आणि कारखान्याची चिमणी थंड पडली. साडू घरी बसले. असा माणूस घरी बसला की काय होतं ते अक्कांना विचारा. मीठ उजेडाला धरलं, खडीसाखर उजेडाला धरली, देवघरातला कापूर सुटला नाही. तेवढ्यात रस्त्याकडेने केबल टाकणारी माणसं चर खणत गावापर्यंत आली. साडू दिवसभर त्या चराच्या काठावर. केबलमधून वीज जात नाही, नुसता उजेड जातो आणि त्या उजेडात माणसांचं बोलणं असतं, हे कळल्यावर त्यांनी तिथल्या इंजिनिअरला धरलं. उजेड तर एकसारखा, मग त्यात बोलणं शिरतं कुठून? बिचारा इंजिनिअर सांगून बसला की लांब पल्ल्याच्या लाइनीत सुरुवातीला एक स्फटिक असतो. त्याला वीज दिली की त्यातून जाणारा उजेड हवा तसा कमी-जास्त करता येतो, आणि बोलण्याची वीज दिली तर उजेड बोलण्याच्या चालीनं कमी-जास्त होतो. साडूंच्या कानात यातला एकच शब्द शिरला. "स्फटिक? आवं, म्या तीस वर्षं दुसरं काय केलंय?"

यानंतरचे माझे सगळे रविवार त्यांनी खाल्ले. घरात शिकलेला माणूस मी, म्हणून एका कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेलं भौतिकशास्त्राचं इंग्रजी पुस्तक मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. मी मराठीचा शिक्षक आहे हो! संधी आणि समास शिकवून माझं पोट चालतं. पण साडूंना ते पटायचं नाही. "गुरुजी, पुढं वाचा" एवढंच. इंजिनिअरनं सांगितलेल्या स्फटिकाला हजारावर अंशांची भट्टी लागते असं निघालं, तेव्हा ते हळहळले. "बॉयलर बंद हाय न्हवं, न्हाईतर बघितलं असतं." पण त्याच पानावर दुसऱ्या एका स्फटिकाचं नाव होतं, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, आणि तो साध्या पाण्यातून वाढतो असं लिहिलं होतं. मी ते नाव तीन वेळा अडखळत वाचलं. साडू उठले, परसातून एक रिकामी पिशवी आणली आणि तिच्यावरचं बारीक अक्षर माझ्या नाकासमोर धरलं. तेच नाव. डाळिंबाला ठिबकमधून सोडतात ते शून्य-बावन्न-चौतीस खत! गावच्या सोसायटीच्या दुकानात त्याच्या पिशव्या धूळ खात पडल्या होत्या, कारण ठिबकला पाणी नव्हतं आणि डाळिंबं उपटून झाली होती. दुकानातला सेल्समन डोळे फाडून बघत राहिला. "कावून नेताय? बाग कुठं राहिलीय तुमची?" साडू म्हणाले, "बाग न्हाई. टेलिफोन करायचाय."

इथपर्यंत मी सहन केलं. पण स्फटिक वाढवायला पाणी लागतं, आणि तेही वाफेचं करून थंड केलेलं. टँकर गावात दिवसाआड यायचा. अक्का हंडे घेऊन रांगेत तासन्‌तास उभ्या राहायच्या, बायकांशी भांडून चार हंडे आणायच्या, आणि त्यांची पाठ वळली की हे गृहस्थ त्यातलं तांब्याभर पाणी कुकरमध्ये घालून त्याची वाफ नळीतून बाटलीत धरायचे. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हे खताचा पाक करतात! मी एकदा तोंडावर बोललो. म्हटलं, "भाऊ, लाज वाटत नाही का? ती बाई उन्हात उभी असते." साडूंनी बाटली उजेडाला धरली आणि म्हणाले, "टँकरचं पानी लई खारं हाय, गुरुजी. दाना धरत न्हाई त्येच्यात." माझ्या प्रश्नाचं हे उत्तर! अक्का चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि माझं जेवण उरलं म्हणून कुणाला वाईटही वाटलं नाही.

पहिल्या खेपेला त्यांची जी फजिती झाली, तिचा मला खरं सांगायचं तर आनंद झाला. पुस्तकात एकच स्फटिक वाढवायला सांगितला होता. पाकात दोऱ्यानं एक कण टांगायचा आणि महिना-दोन महिने धीर धरायचा. पण पॅनमनचा हात तो. तीस वर्षं ज्या हातानं दोन-तीन तासांत कोट्यवधी दाणे एकसारखे उठवले, त्याला एका दाण्यापाशी बसवेना. त्यांनी पाक भराभर थंड केला, सरावाप्रमाणे ढवळला आणि बरणीभर बारीक पांढरं चमचमीत खत करून ठेवलं. असा सुबक दाणा की ओठाला लावावा. ते ती बरणी घेऊन गावभर दाखवत फिरले. मी पुस्तक पुढे केलं आणि म्हटलं, "एक म्हटलंय. एक." साडूंनी बरणीतून चिमटीभर दाणे काढून उजेडाला धरले. मग म्हणाले, "आमच्यात येकट्या दान्याला इज्जत नसती, गुरुजी. ते शिकलो न्हाई मी." आणि सगळी बरणी परत पाण्यात विरघळवली. अक्कांच्या पाण्यात, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या खेपेला मात्र हा माणूस बदलला. सरकी भरलेल्या खोक्यात बरणी, बरणीत दोऱ्याला टांगलेला एक कण, आणि खोक्याशेजारी साडू. ना ढवळणं, ना घाई. बरणीत दुसरा दाणा दिसला की चिमट्यानं काढायचा. वीज गेली की पाक निवू नये म्हणून गोधडी बरणीवर, स्वतः उघडे. दोन महिन्यांनी त्यांनी तो बाहेर काढला तेव्हा मी तिथं होतो. अंगठ्याएवढा चौकोनी खांब, दोन्ही टोकांना निमुळता, आणि आतून इतका स्वच्छ की मागचं वर्तमानपत्र वाचता यावं. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर चांगलंच बोलावं लागलं असतं. मग ओल्या दोऱ्यानं घासत घासत त्यांनी त्याचा आडवा तुकडा कापला. पाणी लागलं की तो विरघळतो; कापायला ते कामी आलं, पण घासताना चालणार नव्हतं, म्हणून तो रॉकेलनं अक्कांच्या लग्नातल्या शालूच्या पदरावर घासून गुळगुळीत केला. दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या पत्र्याच्या चकत्या लावून तारा जोडल्या. खेळण्यातल्या लेझरचा लाल किरण खड्यातून सोडला; पुढं चकाकी अडवणाऱ्या गॉगलची एक काच, मागं तसलीच दुसरी काच आडवी. दोन्ही काचा अशा धरल्या की उजेड अडतो; मधल्या खड्याला वीज दिली की तो अडलेला उजेड थोडा सुटतो. माइकचा आवाज वाढवून, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून त्याचा जोर चढवून, तो खड्याला द्यायचा. पलीकडे सौरकंदिलाची पट्टी, तिच्यावर तो लाल किरण पडला की तिची वीज भजनी मंडळाच्या कर्ण्यातून बोलणार. साडू मला सांगायचे, "वीज लावली का ह्यो आतल्या आत अंग चोरतो. तेवढंच."

एवढी खटपट कशासाठी, हे मला उशिरा कळलं. पुढल्या हंगामात कारखाना सुरू होणार होता, पण पॅनवरची निम्मीच माणसं परत घेणार होते आणि चेअरमनसाहेब बोलले होते की जुन्या लोकांना आता काही कळत नाही. साडूंनी जाऊन सांगितलं की मला काय कळतं ते एकदा बघा. चेअरमनसाहेबांनाही त्या वर्षी सभासदांपुढं दाखवायला काहीतरी हवंच होतं. साखर तर नव्हतीच. म्हणाले, "सभेच्या दिवशी माझं भाषण तुझ्या उजेडातून लोकांना ऐकव. ऐकू आलं तर पॅनवर तूच मुख्य." ठरलं. सभा सोसायटीच्या गोदामापुढं. साडूंचं घर तीन शेतं पलीकडे, मध्ये झाड नाही की काही नाही. घराच्या माळवदावर खडा आणि चेअरमनसाहेब. गोदामापाशी कर्णा, पट्टी आणि सगळे सभासद. पट्टीवर किरण नेमका धरायला साडू तिकडे जाणार, म्हणून खड्याची राखण माझ्याकडे. जाताना त्यांनी माझा हात धरला. "गुरुजी, येकच काम. पान्याचा थेंब लागू देऊ नका."

मी ते काम मनापासून केलं. खोटं सांगत नाही. माळवदावर येणाऱ्या प्रत्येकाला मी हात पुसायला लावले. चहाची किटली जिन्यातच अडवली. संचालक मंडळातले एकजण तांब्या घेऊन वर आले तर मी त्यांना अक्षरशः ढकललं. दिवस मावळतीला आला, चेअरमनसाहेब आले, म्हणाले, "कुठाय तो खडा? झाकण काढा की, बघू तरी." मी झाकण काढलं. मागून कुणीतरी पाट मांडला, हळद-कुंकू आलं, आणि चेअरमनसाहेबांच्या हातात नारळ. मी हात जोडून उभा राहिलो. हो, मी. गव्हाणीत पहिली मोळी टाकताना नारळ, बॉयलर पेटवताना नारळ, नवीन वजनकाट्यावर पहिली बैलगाडी उभी करताना नारळ. कुठलंही यंत्र नारळाशिवाय सुरू झालेलं मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि नारळात पाणी असतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. फोडल्यावर त्यांनी करवंटी रिवाजाप्रमाणे यंत्रावर उपडी केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या.

खडा दुधासारखा पांढरा झाला. पत्र्याची चकती घसरली. चेअरमनसाहेबांनी माइकमध्ये "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हटलं आणि तीन शेतांपलीकडून नुसती खरखर ऐकू आली, मग तीही थांबली, मग हसण्याचा आवाज आला. तो कर्ण्यातून नव्हता, तसाच ऐकू येत होता. मी म्हणालो, "साहेब, पाणी पडलं त्याच्यावर. तो विरघळतो." ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी काही अभद्र बोललो. "गुरुजी, नारळानं कदी कुनाचं वाईट झालंय व्हय?" आणि खाली उतरून गेले. त्यांचा मला आजही असा संताप येतो की शाळेतल्या कार्यक्रमात कुणी नारळ हातात घेतला की मी वर्गात निघून जातो. मुख्याध्यापक मला नास्तिक समजतात.

साडू शेतांतून चालत आले. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या कानाखाली वाजवणार, आणि माझी तयारी होती. त्यांनी खड्यावर बोट फिरवलं, सवयीनं जिभेला लावलं आणि म्हणाले, "गोड हाय." बस्स. जो माणूस परक्याच्या घरी साखरेच्या चिमटीसाठी सोयरीक मोडतो, तो मला एक शब्द बोलला नाही. त्यांनी खडा धोतराच्या सोग्यात बांधला आणि आत गेले. त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. तो माझा हक्क होता, आणि तो त्यांनी मला दिला नाही, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

कारखाना सुरू झाला, पॅनवर दुसरीच माणसं आली, आणि साडूंना कर्नाटकातल्या एका कारखान्यात हंगामापुरतं जावं लागलं. तेव्हापासून वर्षातले पाच-सहा महिने ते तिकडे, एका खोलीत, स्वतःच्या हातानं भाकरी थापून. गावात अजून कुणी फसलं की लोक म्हणतात, पॅनमनचा खडा झाला. मी दिवाळीला एकटाच अक्कांना भेटायला गेलो होतो. खूप दिवस मनात होतं ते विचारलं. म्हटलं, "अक्का, खरं सांगा, ते यंत्र कधी चाललंच असतं का?"

"चाललं असतं काय? चाललं की," अक्का म्हणाल्या. "सभेच्या आदल्या दिशी. दिस मावळताना. मला म्हनले, गोदामापाशी जाऊन कर्न्याजवळ हुबी ऱ्हा. दुसरं कोन येतंय त्येंच्या कामाला? गेलते मी."

मी सरसावून बसलो. तीन शेतं ओलांडून उजेडावर बसून बोलणं आलं होतं, आणि त्याची एकुलती एक साक्षीदार माझ्यासमोर शेंगा निवडत होती. गावानं, चेअरमननं आणि मीही, कुणीच तिला विचारलं नव्हतं.

"काय बोलले?"

"पयलं हॅलो हॅलो झालं. मंग थोडा येळ काईच न्हाई. मंग म्हनले, पानी पुरलं का गं तुला आज?" अक्कांचा हात थांबला. "इतकी वर्सं झाली लगनाला, दाजी. घरात कदी इचारलं न्हाई. तिकडून इचारलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हननार काय? त्येंचा आवाज हिकडं यायचा, माजा तिकडं जायाची सोय कुठं केल्ती? चालत गेले घरापत्तूर. जिन्याखालून वराडले, पुरलं म्हनून."

मी विचारलं, "पुरलं होतं?"

"न्हाई," अक्का म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा निवडू लागल्या.